बेरिंगचा नंबर सांग, मग हब देतो

गेल्या शनिवारी दुकानदाराने मला रिकाम्या हाताने परत पाठवलं. पैसे खिशात, माल त्याच्या मागच्या फळीवर, तरी दिला नाही.

इलिनॉयला आल्यावर माती-खत आणायला एक जुना ट्रेलर घेतला होता. भरल्यावर त्याचं वजन ३,००० पौंडांच्या, म्हणजे साधारण १,३६० किलोंच्या वर जातं. इथल्या कायद्यानं त्यापुढे ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. म्हणून साधे हब, म्हणजे ज्यावर चाक कसतात तो मधला भाग, काढून ब्रेकच्या ड्रमवाले हब बसवायचे ठरवले. चाकाला पाच बोल्ट, त्यांचं वर्तुळ साडेचार इंच, एवढं मोजून गेलो. काउंटरवरचा म्हातारा म्हणाला, "बोल्टवरून चाक बसतं. हब आत कशावर बसतो, ते बघून या."

राग आला. बीडकडच्या आमच्या केजला लेथवाल्यापुढे वस्तू ठेवली की तो अंगठा फिरवून माप सांगतो, नाही बसलं तर टर्निंग मारून बसवून देतो. गिऱ्हाइकाला माघारी धाडत नाही. हे मी आजही छातीठोक सांगेन.

पण घरी येऊन चाक काढलं. हबची टोपी उचकटली, नट अडकवणारी कॉटर पिन काढली, बेरिंग चिंधीनं पुसली. काळ्या ग्रीसखालून कडेवर कोरलेला नंबर दिसला: एल४४६४९. ही बाहेरची. आतली निघाली एल६८१४९, बरीच मोठी. ही जोडी सहसा ३,५०० पौंड पेलणाऱ्या एक्सलची, त्याला दहा इंची ड्रम. दोन्ही बेरिंगा ४४६४९ निघाल्या असत्या, तर एक्सल २,००० पौंडांच्या आसपासचा हलका असता आणि त्याला सात इंची ड्रम लागला असता. आणि बोल्टचं वर्तुळ दोन्हीकडे तेच साडेचार इंच असू शकतं! एक्सल हलका असता आणि मी नुसते बोल्ट मोजून दहा इंची ड्रम उचलला असता, तर तो त्याच्यावर नीट बसलाच नसता. म्हातारा बरोबर होता, हे लिहायला मला दोन दिवस लागले.

अजून दोन गोष्टी बघायला लागल्या. हबच्या मागं एक्सलला चार भोकांची चौकोनी पट्टी वेल्ड केलेली असावी लागते, ब्रेकची प्लेट तिच्यावरच कसतात. माझ्या नशिबानं होती. नसती तर वेल्डिंग तरी, नाहीतर एक्सलच नवा. आणि दहा इंची ड्रम बारा इंची चाकात मावत नाही. माझी चाकं पंधराची. सोमवारी नंबर कागदावर लिहून नेले, तेव्हा त्यानं ड्रम, बेरिंगा आणि सील काढून दिले. नव्या हबात जुन्या बेरिंगा घालू नकोस, असं दोनदा बजावलं. सीलही नवंच घाल म्हणाला, ग्रीस गळून ब्रेकच्या लायनरवर गेलं तर ब्रेक धरत नाही.

रात्री गावाकडं नानांना फोन केला. लेथवाल्याचं कौतुक करत होतो, तर नाना म्हणाले, "आरं, त्योबी आधी नंबरच इचारतो. ट्रॉलीची बेरिंग आणायला जुनी हातात घेऊनच जावं लागतंय. तुला कामून वाटलं, अंदाजानं देतो?"

मला हे माहीतच नव्हतं. ट्रॉलीवर बसून मी लहानपण काढलं, पण बेरिंग आणायला कधी नानांबरोबर गेलो नाही.

आमच्या ट्रॉलीला ब्रेक नव्हते. ट्रॅक्टर हळू चालायचा, रस्ते तसलेच, त्यामुळे कुणाला गरज वाटली नाही, असं मी इथं लोकांना सांगत आलोय. ते अगदी खोटंही नाही. पण मांजरसुंब्याच्या घाटात उसाची भरलेली ट्रॉली मागून ढकलायला लागली की नाना हँडल दोन्ही हातांनी आवळून धरायचे आणि गडी दगड घेऊन चाकाशेजारून पळायचा.

नानांना सांगितलं, की गाडीचा ब्रेक दाबला की ट्रेलरच्या ड्रममधल्या चुंबकाला करंट जातो, तो ड्रमला चिकटून ओढला जातो, आणि त्याच्या ओढीनं ब्रेकचे शू फाकून ड्रमला आतून घासतात.

"म्हंजे उतारावर मागून ढकलत न्हाई?"

"नाही, नाना."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुसऱ्या चाकाचीबी बेरिंग काढून बघ. जुना माल हाय, एकीकडं कुणी बदलला असंल."