घसरगुंडीने कधी उतरायचं?

लहान मुलांना घेऊन विमानाने जायचं म्हटलं की निम्मी बॅग आपल्या धास्तीनेच भरते. रंगवायची वही, मेणाचे खडू, स्टिकर, गाड्या, किल्ली दिली की उड्या मारणारा बेडूक. आणि विमान धावपट्टीपर्यंत पोचायच्या आत ही सगळी पोतडी रिकामी झालेली असते. धाकटीचे खडू सोलून झालेले असतात, बेडूक पुढच्या सीटखाली गडप झालेला असतो आणि थोरला विचारतो, "आता?" अजून चाकंसुद्धा उचललेली नसतात.

मला विचाराल तर विमानात मुलांना कंटाळा यायला बराच वेळ लागतो. आपल्याला लगेच येतो, कारण तिथलं काही आपल्याला दिसेनासंच झालेलं असतं. सीटबेल्टचं बक्कल घ्या. गाडीतला पट्टा दाबून सुटतो, हा पातं वर उचलून सुटतो. धाकटीला हा फरक कळला की पुढची बरीच मिनिटं नुसतं टक्-टक् चालतं. ती खेळत असताना मधे नवीन खेळणं नाचवू नये, हे पथ्य मोठ्यांनाच पाळता येत नाही.

लहान मुलं असलेल्यांना विमानात आधी सोडतात, त्या सवलतीवरही माझा फारसा विश्वास नाही. सगळे प्रवासी चढेपर्यंत पोराला अरुंद सीटवर डांबून ठेवायची ती परवानगी असते. दोघं मोठे असतील तर एकाने बॅगा घेऊन पुढे व्हावं, दुसऱ्याने शेवटची हाक येईपर्यंत पोरांना बाहेर पळू द्यावं. काचेपलीकडे विमानं उभीच असतात. पुष्कळ इंजिनांच्या मधोमध पांढरा पीळ रंगवलेला दिसतो. इंजिन फिरतंय की थांबलंय हे खाली काम करणाऱ्यांना झटकन कळावं म्हणून. एवढं सांगितलं की थोरला दिसेल त्या विमानाचा पीळ शोधत काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो. धावू दे, तेवढाच दमतो.

आत गेल्यावर खिडकी. तिच्या काचेत, खालच्या बाजूला, टाचणीने पाडल्यासारखं एक भोक असतं. मोठी माणसं वर्षानुवर्षं खिडकीशी बसतात आणि त्यांना ते दिसत नाही. मुलाला पहिल्या मिनिटाला दिसतं. "आई, विमान फुटलंय." तर ते मुद्दाम ठेवलेलं असतं. खिडकीला एकामागे एक काचा असतात, बाहेरची काच हवेचा दाब पेलते, आणि मधल्या काचेतल्या या भोकामुळे तो दाब बाहेरच्या काचेवरच पडतो, शिवाय खिडकी धुरकटत नाही. बरंच वर गेल्यावर त्या भोकाभोवती बर्फाची बारीक नक्षी उमटते. ती वाढतेय का, हे बघायचं काम थोरल्याकडे द्यावं. काम दिलं की मुलं वेगळी बसतात.

समोरच्या खिशातल्या सुरक्षेच्या कार्डाइतकी चांगली चित्रकथा दुसरी नाही. शब्द जवळजवळ नाहीत, घटना भरपूर. एक बाई उंच टाचांचे बूट काढून ठेवते (का? फुगवलेल्या घसरगुंडीला टाच लागून ती फाटू नये म्हणून), आई आधी स्वतःचा मास्क लावते आणि मग बाळाचा, आणि शेवटी सगळे शहाण्यासारखे घसरगुंडीवरून खाली. धोका फक्त एवढाच की आमच्या थोरल्याने हे सगळं मन लावून वाचलं आणि भर शांततेत खणखणीत आवाजात विचारलं, "आपण घसरगुंडीने कधी उतरायचं?" आसपासच्या चार-दोन जणांनी पट्टे आवळले.

त्याच खिशात उलटीची पिशवी असते. प्लॅस्टिकचं अस्तर असलेली ही पिशवी गिलमोर शेल्डाल या अमेरिकी संशोधकाने १९४९ मध्ये नॉर्थवेस्ट ओरिएंट या विमान कंपनीसाठी बनवली. तिच्यावर पेनाने डोळे-नाक काढून आत हात घातला की ती बोलायला लागते, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसेल. धाकटी माझं ऐकत नाही, पिशवीचं ऐकते. एक कोरी पिशवी मात्र राखून ठेवावी. करमणुकीच्या भरात मूळ उपयोगाची वेळ येऊ शकते.

यातली बरीचशी करमणूक शेजाऱ्यांसाठी चाललेली असते, ही गोष्ट वेगळी. मूल जरा कुरकुरलं की आपण त्याच्याकडे कमी आणि पलीकडच्या सीटकडे जास्त बघतो. "नाही हं सोन्या, काकांना त्रास होतो ना," हे वाक्य सोन्याला उद्देशून नसतंच. रडणाऱ्या बाळाबद्दल काकांनी कपाळाला आठ्या घातल्या तर मी खुशाल दुर्लक्ष करते. पाठीत बसणाऱ्या लाथांबद्दल मात्र काकांचा राग शंभर टक्के रास्त आहे. बसल्याबसल्या मुलाचे बूट काढावेत. मोज्यातली लाथ जरा सौम्य बसते.

टॅबलेटला माझी ना नाही. फक्त तो सुरुवातीलाच काढला तर पुढे काढायला काही उरत नाही. शिवाय उतरायच्या वेळी समोरचा ट्रे बंद करायला लावतात, मग तो ठेवणार कुठे? आणि खरी परीक्षा तर तेव्हाच असते. ३५ हजार फुटांवरून जाणाऱ्या विमानात हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवतात. उतरताना तो वाढत जातो. कानाच्या पडद्याआडच्या हवेचा बाहेरच्या हवेशी मेळ घालते ती नाकाच्या मागून कानात जाणारी एक बारीक नळी. चढताना जास्तीची हवा तिच्यातून सहज निघून जाते. उतरताना मात्र गिळल्याशिवाय किंवा जांभई दिल्याशिवाय ती सहसा उघडत नाही. लहान मुलांची ही नळी अरुंद आणि जवळजवळ आडवी असते. म्हणून शेवटच्या अर्ध्या तासात एक बाळ गळा काढतं आणि पाठोपाठ विमानभर साथ पसरते. तान्ह्याला तेव्हा पाजावं, मोठ्याला स्ट्रॉने घोट-घोट पाणी द्यावं. झोपलेलं मूल गिळतही कमी, तेव्हा मन घट्ट करून उठवावं.

हुकमाचा पत्ता मी याच वेळेसाठी राखते: पातळ प्लॅस्टिकची रिकामी बाटली. विमान वर असतानाच थोरल्याकडून झाकण घट्ट लावून घ्यायचं आणि सांगायचं, "ही आता कोणी हात न लावता चेपणार आहे." बराच वेळ काही होत नाही. मग कट्ट आवाज होतो आणि बाटलीच्या पोटात एक खळगा पडतो.

"तू दाबलीस."

मी दोन्ही हात वर करते. दुसरा खळगा पडतो. आता तो बाटली डोळ्यांजवळ धरतो.

"बाहेरची हवा दाबतेय तिला. तुझ्या कानालाही तशीच दाबतेय. पाणी गिळ, म्हणजे कान उघडेल."

तो घोट घेतो, मान तिरकी करून ऐकतो, "उघडला," म्हणतो, आणि लगेच स्ट्रॉ बहिणीच्या तोंडात कोंबतो.

उतरल्यावर सगळं संपलं असं वाटतं, तेवढ्यात बॅगांचा पट्टा सुरू होतो. पडद्याआडून एकेक बॅग बाहेर येते, वळणावर डुलते, पुन्हा आत जाते. याहून रंगतदार काही पोरांनी दिवसभरात पाहिलेलं नसतं. आपल्या बॅगा येतात, ट्रॉलीवर चढतात, बाहेर न्यायला आलेल्यांचे फोनवर फोन. आणि पोरं जागची हलायला तयार नाहीत, कारण ती दोरी बांधलेली लाल बॅग अजून कोणी उचललेली नाही.