हार आधी उलटा करून बघा

कुणी नवा हार दाखवला की माझा हात आपोआप त्याच्या मागच्या बाजूला जातो. समोरची बाजू बघायला बाकीचं जग आहेच. मला बघायचे असतात ते हुकाजवळचे शेवटचे दोन-तीन मणी, त्यांच्या वेजातून, म्हणजे भोकातून, बाहेर आलेला दोरा आणि त्या दोऱ्याची अखेरची गाठ. चारचौघांत बसलो तरी हा माणूस लोकांच्या मानेकडे बघत असतो, अशी घरच्यांची तक्रार आहे. बघतो खरा. बहुतेक हार तुटतात ते तिथेच.

मी हार गाठवून देतो. धंदा म्हणून नव्हे, नात्यातल्या-ओळखीतल्या लोकांचे, हौसेपोटी. हे काम आत्याचं. तिची नजर अधू झाली तेव्हा सुई माझ्याकडे आली. सूचना द्यायचा हक्क मात्र तिने स्वतःकडेच ठेवला.

तर हुकाजवळ काय होतं? सगळ्या सराचं वजन दोन्ही टोकांना येतं आणि तिथे दोरा धातूच्या कडीवर घासत राहतो. मान वळवली की घासला, वाकलात की घासला. नीट गाठवलेल्या हारात दोरा कडीला थेट टेकतच नाही. केसासारख्या बारीक तारेची एक पोकळ, लवचीक गुंडाळी असते, तिच्या आतून तो जातो आणि कडीभोवती छोटासा चकचकीत वेढा दिसतो. हा वेढा दिसला की समजावं, गाठवणाऱ्याने घाई केलेली नाही. नुसती गाठ मारून वर गोंदाचा ठिपका असेल तर हार घ्यायला हरकत नाही, पण तो एकदा गाठवून घ्यावा लागणार हे धरूनच घ्या.

मोत्यांच्या सरात दर मोत्यानंतर एक गाठ असते. सर तुटला तर सगळे मोती घरभर पळू नयेत, हे कारण सगळ्यांना माहीत असतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. मोती मऊ असतो. कठीणपणाच्या मोहस मापावर तो २.५ ते ४.५च्या दरम्यान येतो, म्हणजे काचेपेक्षाही मऊ. मोती मोत्याला टेकला की वेजाच्या कडेचा थर झिजत जातो. मधली गाठ म्हणजे त्या दोघांमधली गादी.

काम करताना रेशीम आधी ताणून घ्यायचं. मी दोऱ्याला वजन बांधून तो रात्रभर टांगून ठेवतो, नाहीतर तो नंतर गळ्यात ताणला जातो आणि गाठींमध्ये फटी पडतात. दोरा तयार हाराच्या निदान तिप्पट लांबीचा लागतो, कारण गाठी फार दोरा खातात. मोत्याचं वेज बहुधा मिलिमीटरपेक्षा कमी असतं. त्यातून साधी सुई जात नाही. पीळ दिलेल्या बारीक तारेची सुई वापरतात, तिचं नाक वेजातून जाताना चपटं होतं. सगळे मोती दुहेरी दोऱ्यात ओवून घेतले की एक मोती पुढे सरकवायचा, त्याच्यामागे साधी सैल गाठ घालायची आणि गाठवून झालेला भाग त्या फेऱ्यातून खाली सोडायचा. आता खरी गंमत. फेऱ्यात दाभण घालून गाठ हलकेच आवळत आणायची. गाठ दाभणाच्या टोकावर बसते आणि दाभणाबरोबर सरकत मोत्याच्या अंगाला येऊन भिडते. मग दाभण काढायचा आणि दुहेरी दोऱ्याच्या दोन पदरांना एकमेकांपासून दूर ओढायचं. त्या ओढीने गाठ शेवटची कणभर पुढे जाते आणि वेजाच्या तोंडावर घट्ट बसते. हे जमलं की बोटांना कळतं. नाही जमलं तर तेही कळतं, पण गाठ बसलेली असते आणि ती सोडवणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. आत्या तर म्हणायची, सोडवत बसू नकोस, काप आणि पुन्हा धर.

यातून एक हिशेबही निघतो, तो बरेच जण चुकवतात. ४५ सेंटिमीटरच्या हारासाठी ६ मिलिमीटरचे मणी किती? सरळ भागाकार ७५ सांगतो. पण दर गाठ अर्धा मिलिमीटर धरली आणि हुकाला एक सेंटिमीटर सोडला, तर ६८च्या आसपास पुरतात. उलट बाजूने, बिनगाठीचा जुना सर गाठी मारून परत आला की तो लांब झालेला असतो. लोक विचारतात, जास्तीचे मणी घातलेस का? नाही हो, गाठी आहेत त्या.

खरेखोटेपणाही वेजातच सापडतो. भिंग घ्या आणि मण्याच्या भोकात डोकवा. काचेच्या नकली मोत्याला वरून लेप दिलेला असतो आणि वेजाच्या कडेला तो पापुद्र्यासारखा उचललेला दिसतो. फिरोजा म्हणून जे विकतात, त्यातलं बरंचसं रंगवलेलं हाऊलाइट असतं. हा पांढरा दगड रंग छान पितो, पण भोकाच्या आत कधीकधी पांढराच राहतो. मोती दाताच्या कडेवर हलकेच घासून बघतात तेही खरं आहे. अस्सल मोती किंचित खरखरीत लागतो, नकली गुळगुळीत. मात्र या परीक्षेत कल्चर मोतीही खरखरीतच लागतो, कारण तो खोटा नसतोच. शिंपल्यात केंद्र माणूस घालतो, थर शिंपलाच चढवतो. जपानच्या मिकिमोटो कोकिचींनी असा अर्धगोल मोती १८९३ साली मिळवला, तेव्हापासून मोत्याचा हार राजेरजवाड्यांच्या गळ्यातून हळूहळू बाकीच्यांच्या गळ्यात आला. अंबर, म्हणजे झाडाच्या चिकाचा दगडासारखा झालेला पिवळसर खडा, असेल तर मिठाच्या दाट द्रावणात सुटा मणी टाका. अंबर तरंगतं, काच आणि बहुतेक प्लॅस्टिक बुडतं. नंतर साध्या पाण्याने धुऊन पुसा.

वेजाकडे बघायची खोड माझी एकट्याची नाही. दक्षिण आफ्रिकेच्या ब्लॉम्बोस गुहेत सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीचे छोटे, भोकं पाडलेले शंख सापडले. ते नुसते पडलेले शंख नसून ओवून वापरलेले मणी आहेत हे संशोधकांनी कशावरून ठरवलं? भोकांच्या कडांवरच्या झिजेवरून. हे वाचलं तेव्हा मी आत्याला फोन केला. ती म्हणाली, मग, दुसरं कशावरून ठरवणार?

स्वतः करायला घेणाऱ्यांनी रेशमापासून सुरुवात करू नये, असं माझं ठाम मत आहे. नायलॉनचं आवरण असलेली स्टीलची तार घ्या. ती ७, १९ किंवा ४९ बारीक तारांच्या पिळाची मिळते. ४९ची सगळ्यात मऊ पडते आणि गळ्यावर छान लोळते. टोकाला क्रिम्प म्हणजे धातूचा बारीक मणी दाबून तार पक्की करायची. दाबण्याआधी हार गळ्यासारखा गोल वाकवून बघा. सरळ टेबलावर गच्च ओवलेला हार गोल केला की काठीसारखा ताठ उभा राहतो, म्हणून टोकाशी जरा सैल सोडावं लागतं. काचेच्या बारीक मण्यांचे क्रमांक उलटे चालतात हेही लक्षात असू द्या. ८ नंबरचा मणी सुमारे ३ मिलिमीटरचा, ११चा २ मिलिमीटरचा, १५चा त्याहून बारीक. कडी उघडताना तिची तोंडं दोन बाजूंना फाकवू नका. एक तोंड पुढे, एक मागे असं वळवा, म्हणजे बंद करताना ती परत गोल होते. फाकवलेली कडी पुन्हा कधीच नीट मिटत नाही. आणि धातूच्या किंवा कापलेल्या काचेच्या मण्यांना रेशीम नकोच. त्यांच्या वेजाची धार महिन्याभरात रेशीम कापू शकते.

हुकाबद्दल एकच सांगतो. तो डोळे मिटून, मानेमागे, एकट्याला लावता-काढता आला पाहिजे. चुंबकाचे हूक त्यासाठी सोयीचे खरे, पण पेसमेकर बसवलेल्यांनी ते वापरू नयेत.

आता निगा. मोती आणि पोवळं दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटची असतात आणि त्याला आम्ल चालत नाही. घामही थोडा आम्लधर्मी असतो. म्हणून अत्तर, पावडर, केसांचा फवारा सगळं आटोपल्यावर हार घालायचा आणि घरी आल्यावर सगळ्यात आधी काढायचा. काढला की मऊ, किंचित ओल्या फडक्याने पुसा आणि सपाट वाळू द्या. रेशमात ओवलेला सर बुडवून धुऊ नका. आणि ध्वनिलहरींनी दागिने साफ करणाऱ्या (अल्ट्रासॉनिक) यंत्रात मोती, ओपल, पाचू यांपैकी काहीही टाकू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. गरम पाणी, खायचा सोडा आणि ॲल्युमिनियमचा कागद ही युक्ती खरोखर चालते, पण फक्त साध्या चांदीच्या साखळीसाठी. मुद्दाम काळपट ठेवलेली नक्षी त्यात उजळून विद्रूप होते आणि खडे-मोती बिघडतात. टूथपेस्टने घासणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलं आहे.

ठेवण्याच्या बाबतीत दोघांचे स्वभाव उलटे. चांदीला हवा नको, ती हवाबंद पिशवीत खूश. मोत्याला थोडा ओलावा लागतो, तो कापडी पिशवीत ठेवा, आणि आडवा. खुंटीला टांगला तर रेशीम ताणतं. रेशीम ताणलंय का ते बघायला सर दोन्ही टोकांना धरून उचला. गाठ आणि मोती यांच्यामध्ये दोरा दिसायला लागला किंवा तो मळून करडा झाला की गाठवायची वेळ आली. रोजच्या वापरातला सर वर्षा-दोन वर्षांनी गाठवावाच.

तुटलाच, तर जे मणी दोऱ्यात उरलेत ते ओढून काढू नका. मधले मोठे, कडेचे बारीक अशा उतरत्या हारात क्रम गेला की तो पुन्हा लावायला भिंग, मोजपट्टी आणि अख्खी संध्याकाळ लागते. उरलेला सर तसाच टेबलावर ठेवा, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि सुटलेले मणी वेगळ्या पुडीत बांधा. जुना दोराही सोबत द्या. नवा किती जाडीचा घ्यायचा, ते त्यावरूनच ठरवता येतं.