चकलीचा डबा, काळी चार

फराळ संपत आला की आमच्या घरातले डबे गप्प होतात. हलवून पाहिलं तर तळाशी काहीतरी खुळखुळतं, पण उघडायला कुणी जात नाही. शेवटची चकली जो खाईल त्याने डबा घासायचा, असा आमच्याकडे कायदा आहे. परवा अशाच एका दुपारी मी नुकता आडवा झालो होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून 'टण्ण' असा आवाज आला. मग थोडी ठोकाठोक. मग पुन्हा टण्ण.

जाऊन बघतो तर जुई. माझी भाची, आठवीत आहे, नाशिकरोडहून सुट्टीला आलेली. चकलीचा डबा पालथा घालून त्याच्या बुडाला बरोब्बर मधोमध खिळ्याने भोक पाडत बसली होती.

"मामा, शर्टाचं एक बटण दे ना. जाड पाहिजे."

"कशाला?"

"तार डब्याला फाडून वर येईल नाहीतर."

या उत्तरात तिचा काही दोष नव्हता, पण मला अर्थबोध व्हायला वेळ लागला. नवरात्रात आमच्या शेजारच्या इमारतीत देवीचा गोंधळ होता. तेव्हापासून हिच्या डोक्यात तुणतुणं शिरलंय. संबळ नाही, तुणतुणं. सगळी पोरं संबळाभोवती गोळा झाली होती आणि ही बया तुणतुणंवाल्या आजोबांच्या मांडीला मांडी लावून. त्यांनी तिला ते हातात धरू दिलं, वाजवू दिलं आणि एक धडाही दिला. तिने विचारलं होतं, हे कुठल्या पट्टीत लावायचं? आजोबा म्हणाले, "पट्टी गाणाऱ्याची. आपली नाही." एवढंच. मग ते चहा प्यायला गेले.

आता ही स्वतःचं बनवत होती. खरं तुणतुणं लाकडाचं, पोकळ. बुडाला कातडं, बाजूला काठी, काठीच्या टोकाला खुंटी. कातड्याच्या मध्यातून निघालेली तार आतून वर खुंटीला जाते. जुईच्या तुणतुण्यात लाकडाच्या आणि कातड्याच्या दोन्ही जागी चकलीचा डबा. काठी बुरूडाकडून आणलेली, दोन नटबोल्टांनी डब्याला बाहेरून आवळलेली. खुंटी म्हणजे आमच्या मोडक्या लाटण्याची मूठ, तासून बारीक केलेली. तार सायकलच्या ब्रेकची. म्हणजे अख्खी केबल नाही, तिच्यातला एकच पदर सोडवून काढलेला. तो सरळ केला तरी पीळ विसरत नव्हता. जुई दोन बोटांत धरून ओढायची, तो पुन्हा कुरळा व्हायचा. शेवटी एक टोक दाराच्या कडीला बांधून ती तारेला लोंबकळली, तेव्हा कुठे तार वठणीवर आली.

मी बटण दिलं. एरवी दिलं नसतं. पण डब्याचा प्रश्न होता.

डब्यांच्या बाबतीत मी जरा हळवा आहे. मी डबा टाकत नाही. बायको म्हणते, 'जरा' हा शब्द काढ. बिस्किटांचा चौकोनी डबा, साजूक तुपाचा दोन किलोवाला, एक तर असा आहे की त्यात कधी काय होतं हे कुणालाच आठवत नाही, झाकणावर फक्त हत्तीचा मागचा अर्धा भाग उरलाय. माळ्यावर सगळे आहेत. कधीतरी लागतील. आणि बघा, लागले की नाही?

तार चढली. जुईने काडीने छेडली. आवाज आला, आणि तो चक्क तुणतुण्याचा आला! जरासा पत्र्याचा, नाकात बोलणारा, पण तुणतुण्याचाच. मग तिने मोबाइल समोर ठेवला. त्यात सूर दाखवणारा काटा असतो. आता ही जाणार काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराला. मी म्हटलं, अगं, आजोबा काय म्हणाले होते? पट्टी गाणाऱ्याची. तर म्हणे, "मीच गाणार आहे." बरं बाई.

खुंटी पिळत गेली तशी डब्याच्या बुडाला खळी पडायला लागली. काठी धनुष्यासारखी वाकली. जुईने मला शांतपणे समजावलं की तीच तार, तेवढ्याच लांबीची, एक सप्तक वर न्यायची तर ताण दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो. हे तिला कुठून कळलं कोण जाणे. मी 'चौपट' या शब्दावर विचार करत होतो तेवढ्यात दाणकन तार तुटली आणि माझ्या चष्म्यावरून गेली. दुसऱ्या तारेला तिने डोकं चालवलं, काठी खालून चार बोटं कापली. तार आखूड झाली, सूर आपोआप चढला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या चकलीच्या डब्याचं अजून कुणी मनावर घेतलेलं नाही.

तुणतुणं हे बिचारं शिव्या खाणारं वाद्य आहे. 'लावलं का पुन्हा तुझं तुणतुणं?' हे मी आईच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल. संबळाला असं कुणी बोलत नाही. आणि आमचं गाव तर ढोलाचं. नाशिक ढोल म्हटलं की साता समुद्रापार लोक कमरेत हलतात. त्या गावात एका तारेचा आवाज काढायचा म्हणजे गंगेला पूर आलेला असताना घाटावर बसून आचमन करण्यासारखं.

पण माझ्या कानात एक तुणतुणं आहे. काकाच्या लग्नानंतरचा गोंधळ, पंचवटीतला आमचा जुना वाडा, मी सात-आठ वर्षांचा. चौकात पाच धाटांचा मांडव, खाली तांदळाचा चौक, कलश, दिवटीच्या तेलाचा वास. देवींना एकेक करून हाका. वणीच्या सप्तशृंगीचं नाव आलं की आजी हात जोडायची, आमची कुलदेवी ती. मला कथेतलं काही कळत नव्हतं. मी आजीच्या मांडीवर पेंगत होतो. कधीतरी पहाटे एकदम दचकून जागा झालो. काय झालं म्हणून बघतो तर काहीच झालं नव्हतं, तुणतुणं थांबलं होतं. त्या माणसाने ते भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि तो तंबाखू मळत होता. ते कधी सुरू झालं ते मला आठवत नव्हतं, रात्रभर ऐकलं असंही वाटलं नव्हतं. थांबलं तेव्हा मात्र वाड्याचा एक खांब काढून घेतल्यासारखं झालं. हल्ली मध्यरात्री फ्रिज बंद पडला की मला तसंच होतं. ही तुलना गोंधळ्यांना आवडणार नाही.

पुढे नोकरीत सुरगाण्याकडे एकदा रात्री थाळीवरची कथा ऐकली. काशाची थाळी, तिच्या मधोमध मेणाने उभी केलेली वाळकी काडी. त्या काडीवरून माणूस वरून खाली बोटं सारत राहतो आणि थाळी घुमत राहते. तार नाही, पण काम तेच. कुणीतरी मागे सूर धरून बसायचं, म्हणजे पुढच्याला रात्रभर गोष्ट सांगता येते.

तर जुई. तुणतुणं झाल्यावर तिसऱ्या दिवशी तिने करवंटी मागितली. आता गजाचं, म्हणजे तारेवर धनुकली घासून वाजवायचं वाद्य करायचं होतं. मी म्हटलं, ते नको. आणि माझा चेहरा असा काही झाला असावा की तिने विचारलं, "का रे मामा?"

कालिकेच्या यात्रेत तेव्हा सारंगीवाला यायचा. मातीची वाटी, तिच्यावर ताणलेला कागद, बांबूची काडी, दोन तारा, एवढासा गज. तो गर्दीतून चालत त्यावर सिनेमाची गाणी अशी वाजवायचा की माणसं पाळण्यातून उतरून यायची. मी हट्ट करून एक घेतली. घरी येऊन गज ओढला, तर आवाजच नाही. नुसती खसखस. जोरात ओढला तेव्हा आली ती किंकाळी. बाबा पेपर वाचत होते. ते म्हणाले, "पलुस्करांच्या गावात राहतोस रे!" गायक दत्तात्रेय विष्णु पलुस्कर नाशकात जन्मले, १९२१ साली, हे आमच्याकडे पाढ्यांसारखं पाठ करून घेतलेलं. दुसऱ्या दिवशी मला वाटलं, दोष केसांचा असणार. तेव्हा पंचवटीत टांगे होते. मी एका घोड्याच्या शेपटीचे चार केस उपटायला गेलो. घोडा काही बोलला नाही. टांगेवाला बोलला, ते घरापर्यंत पोचलं. सारंगी माळ्यावर गेली, आणि मला संगीताचं अंग नाही हे कायमचं ठरलं. त्यानंतर शाळेत प्रार्थनेलाही मी नुसते ओठ हलवत असे.

जुईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "राळ लावली होतीस का?"

"कसली राळ?"

"गजाला. राळ लावल्याशिवाय तो तारेला धरतच नाही. नुसता घसरतो."

मी गप्प. आता मला आठवलं, सारंगीवाल्याच्या वाटीच्या कडेला पिवळट काचेसारखा एक खडा चिकटवलेला असायचा. मधूनमधून तो गज त्याच्यावर घासायचा. मला वाटायचं, ती त्याची लकब.

संध्याकाळी आम्ही दोघं भद्रकालीत काष्ठौषधीच्या दुकानात गेलो. राळ मागितली. त्याने कागदाच्या पुडीत बांधून दिली, कशाला ते विचारलंसुद्धा नाही. घरी येऊन जुईने गजाला, म्हणजे कामटीला बांधलेल्या शिवणाच्या दोऱ्यांना, ती घासली. पांढरी भुकटी उडाली. करवंटीवरच्या तारेवर तिने गज ठेवला आणि माझ्या हातात दिला.

मी ओढला. एक सूर निघाला. लांब, थोडा कापरा, पण सूर. मी पुन्हा ओढला. आतून बायकोने विचारलं, "कोण आलंय?"

बाबा असते तर त्यांना फोन करून सांगितलं असतं. काय सांगितलं असतं कुणास ठाऊक. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी 'बाबा, राळ राहिली होती' असं फोनवर सांगायचं म्हणजे पलीकडून 'बरं' यापेक्षा जास्त काही येणार नव्हतंच.

जुई रविवारी गेली. तुणतुणं घेऊन गेली, म्हणजे डबाही गेला. झाकण तेवढं ओट्यावर राहिलंय. बायको रोज विचारते, आता टाकू का हे? डबाच नाही तर झाकण कशाला?

झाकण टाकतात का कुठे?