सहा आठवडे उचलून घ्यायचे नाही

नाशिकच्या सर्जननी जवळजवळ तासभर सगळे नीट समजावून सांगितले, जठराचे चित्र काढून दाखवले, धोके सांगितले, खर्चाचा अंदाज दिला, आणि आम्ही उठायच्या बेतात असताना सहज म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली. "ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे पाच किलोच्या वर काही उचलायचे नाही, ताई." माझा धाकटा अडीच वर्षांचा आहे आणि त्याचे वजन साडेबारा किलो आहे. परतीच्या वाटेवर मालेगाव मागे पडेपर्यंत मी आणि माझे पती एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही.

गेले चार महिने मी वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करते आहे. हे लिहून ठेवावेसे वाटले, कारण आमच्या अमळनेर-धुळे भागात या विषयावर मोकळेपणाने बोलणारी एकही बाई मला भेटली नाही. दोन मुलांच्या आईने 'ऑपरेशन करायचे आहे' असे म्हटले की ऐकणाऱ्याला एकच ऑपरेशन आठवते, कुटुंबनियोजनाचे, आणि ते तर माझे धाकट्याच्या वेळीच झाले आहे. मग हे दुसरे कसले, असे शेजारच्या काकूंनी विचारले आणि मी सांगितल्यावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या. सासूबाई मात्र गप्प राहिल्या नाहीत. "तुले काय व्हयेल शे? चांगली धडधाकट शेस ना. पोट कापाले कशाले जास?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, भीती होती, आणि त्या भीतीला माझ्याकडे त्या क्षणी तरी उत्तर नव्हते.

मी बाहेरून धडधाकट दिसते हे खरे आहे. वय ३६, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ९८ किलो, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, ३९ च्या थोडा वर. थोरलीच्या वेळी गरोदरपणात मधुमेह निघाला आणि बाळंतपणानंतर गेला. धाकट्याच्या वेळी तो पुन्हा आला आणि या वेळी मात्र गेला नाही. दोन प्रकारच्या गोळ्या घेऊनही तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ८.६ आहे. माझ्या वडिलांना हाच आजार होता. त्यांनी तो पंधरा वर्षे 'थोडी शुगर आहे' एवढ्या दोन शब्दांत बसवला, नंतर मूत्रपिंडे निकामी झाली, आणि आई आठवड्यातून दोनदा त्यांना पहाटेच्या एसटीने धुळ्याला डायलिसिससाठी नेऊ लागली. ते ५८ व्या वर्षी गेले. मी ५८ वर्षांची होईन तेव्हा माझा मुलगा साडेचोवीस वर्षांचा असेल. हा हिशेब मी एका रात्री त्याला थोपटताना केला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही.

'जरा मनावर घे, जेवण कमी कर' हा सल्ला मला लग्नाआधीपासून मिळतो आहे, आणि एका डॉक्टरांनी तर माझे कागद न पाहताच तो दिला होता. मी मनावर घेतले नाही असे नाही. तीन वेळा वजन उतरवले, एकदा तर ११ किलो, आणि तिन्ही वेळा ते परत आले, येताना थोडे जास्तच घेऊन आले. शरीर आपले जुने वजन राखायला धडपडते, वजन उतरले की भूक वाढवते आणि ऊर्जेची उधळण कमी करते, ही गोष्ट मला नाशिकला पहिल्यांदा कोणीतरी दोष न देता समजावून सांगितली. स्लीव्ह नावाच्या शस्त्रक्रियेत दुर्बिणीतून जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी मागे ठेवतात. त्यामुळे पोटात कमी मावते हे तर उघडच आहे, पण भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यत्वे जठराच्या ज्या वरच्या भागात तयार होते तो भागही त्याबरोबर जातो, आणि म्हणून भुकेचा स्वभावच बदलतो. बायपास नावाच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेत जठराची अगदी लहानशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. मधुमेहावर त्याचा परिणाम अधिक चांगला मानतात, पण जीवनसत्त्वांची उणीवही त्यात जास्त होते. स्लीव्ह पुन्हा पूर्ववत करता येत नाही. काढलेला भाग गेला तो गेलाच.

२०२२ मध्ये जगभरच्या सर्जनांच्या संघटनांनी निकष बदलले. आधी बीएमआय ४०, किंवा सोबत आजार असल्यास ३५, अशी जुनी रेषा होती. आता ३५ च्या वर आजार असो वा नसो शस्त्रक्रियेचा सल्ला देता येतो, आणि आपल्यासारख्या आशियाई शरीरांना कमी वजनातच मधुमेह गाठत असल्यामुळे त्यांच्यासाठी २७.५ पासूनच विचार करावा असे सांगितले आहे. विम्याची रेषा मात्र अजून जुनीच आहे. विमा नियामकाच्या अटींप्रमाणे बीएमआय ४० हवा, किंवा ३५ च्या वर असून सोबत अनियंत्रित टाइप-२ मधुमेह, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार किंवा हृदयविकार यांसारखा गंभीर आजार हवा. मी ३९ वर आहे, त्यामुळे माझा मधुमेह 'अनियंत्रित' आहे हे कागदांवर सिद्ध करणे आले. गेल्या दोन वर्षांचे सगळे रिपोर्ट मी तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावले आहेत. माझ्यासारख्या कोणी हा विचार करत असतील तर हे काम आधी करावे, सर्जनची वेळ नंतर घ्यावी.

इंजेक्शनांचाही विचार केला. टिर्झेपॅटाइड हे आठवड्यातून एकदा घ्यायचे औषध मार्च २०२५ मध्ये भारतात आले, आणि मोठ्या मात्रेने सुमारे दीड वर्षात सरासरी वीस टक्के वजन कमी झाल्याचे चाचणीत दिसले आहे. शस्त्रक्रियेने साधारण २५ ते ३० टक्के कमी होते, म्हणजे फरक डोळे दिपवणारा नाही. पण औषध थांबवले की वजन बरेचसे परत येते, आणि दरमहा काही हजार रुपये वर्षानुवर्षे बाजूला काढणे आमच्या घराला जमणारे नाही. ज्यांना जमते त्यांनी ते आधी करून पाहावे असे मला मनापासून वाटते. पोटाला हात न लावता होणारी गोष्ट ती.

मरणाची भीती मला वाटते आणि ती मी लपवत नाही. अनुभवी रुग्णालयात या शस्त्रक्रियेतील मृत्यूचे प्रमाण हजारी एक ते तीनच्या आसपास आहे, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या जवळपास. आकडा लहान आहे, पण आई म्हणून वाचला की तो लहान राहत नाही. टाक्यांच्या रेषेतून गळती, रक्तस्राव, पायाच्या शिरेत गाठ होऊन ती फुप्फुसात जाणे, हे मुख्य धोके पहिल्या काही आठवड्यांतले. ताप आला, नाडी जलद झाली, पोट दुखू लागले तर तासांचा हिशेब असतो, आणि अमळनेरहून नाशिक चार तासांवर आहे. म्हणून पहिले पंधरा दिवस नाशिकला भावाकडेच राहायचे असे आम्ही ठरवले आहे. दुसऱ्या बाजूला, स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेला एक फार मोठा अभ्यास आहे. त्यात शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुष्य, न झालेल्या तशाच लठ्ठ लोकांपेक्षा सुमारे तीन वर्षांनी जास्त भरले, तरी सर्वसाधारण लोकांएवढे ते झाले नाही. सासूबाईंना मी हे तीन वर्षांचे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, तीन वर्षांत पोरगा केवढा होतो! त्या दिवसानंतर त्यांनी 'पोट कापणे' हा शब्द वापरलेला नाही.

आहारतज्ज्ञ बाईंनी एक प्रयोग सुचवला होता: शस्त्रक्रिया झाली आहे असे समजून एक आठवडा जेवून पाहा. लहान वाटी, लहान चमचा, प्रत्येक घास वीस वेळा चावायचा, जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास पाणी नाही, आणि पोट भरल्याची पहिली जाणीव झाली की तिथेच थांबायचे. पहिल्या दिवशी मी पाटावर बसले, वाटीत मऊ खिचडी घेतली. तिसऱ्या चमच्याला धाकटा पदर ओढू लागला, पाचव्याला थोरलीची पेन्सिल सापडेना, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले ती वाटी तशीच राहिली. रात्री भांडी गोळा करताना माझ्या लक्षात आले की मी थोरलीच्या ताटातली अर्धी पोळी उभ्याउभ्या तोंडात घातली आहे आणि धाकट्याच्या वाटीतला वरणभात बोटाने निपटून खाल्ला आहे. वाया जाऊ नये म्हणून. गेली सहा वर्षे मी बसून एक जेवण पूर्ण केलेले नाही, मी मुलांच्या ताटांत जेवते आहे, हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हते. जठर लहान होईल, पण ती उरलेली अर्धी पोळी तशीच समोर येणार आहे, आणि तिला नाही म्हणायला कोणताही सर्जन माझ्या स्वयंपाकघरात उभा राहणार नाही.

आमचे घर माळकरी आहे. अंडे नाही, मांस नाही. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात गेली पाहिजेत आणि एका वाटी घट्ट वरणातून मिळतात सहा-सात ग्रॅम. शंभर ग्रॅम पनीर, दही, मुगाचे धिरडे, सोयाबीन आणि पाण्यात कालवायची प्रथिनांची भुकटी, असे जोडत गेले की आकडा कसाबसा भरतो. कळण्याची भाकरी, जी मला सगळ्यात प्रिय, ती पहिले काही महिने घशाखाली उतरणार नाही. शेवभाजीची तर्री बहुधा सोसणारच नाही. भरीत मात्र तेल आणि मिरची आवरली तर दोन-अडीच महिन्यांनी चालेल असे सांगितले, आणि ते ऐकून मला झालेला आनंद खान्देशातल्या माणसालाच कळेल. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या आणि रक्ततपासण्या ठरलेल्या वेळी करायच्या. आधीच शाकाहारी बायकांमध्ये बी-१२ कमी असते, त्यामुळे यात हयगय चालणार नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात, ते बहुतेक परत येतात. ज्यांना आणखी मूल हवे आहे त्यांनी शस्त्रक्रियेनंतर किमान बारा ते अठरा महिने थांबावे लागते, हे तरुण मुलींना कोणीतरी आधीच सांगायला हवे.

मग प्रश्न उरला कधी करायचे. उन्हाळ्यात नाही, हे मी स्वतःच ठरवले. पहिले काही महिने पाणी गटागटा पिता येत नाही, घोट घोट करत दिवसभरात दीड-दोन लिटर न्यावे लागते, आणि पाणी कमी पडून पुन्हा दाखल व्हावे लागण्याचे प्रसंग इतर ठिकाणीही घडतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ कडे जातो, बाहेरून आल्यावर माणूस माठातला तांब्या एका दमात रिकामा करतो. तेव्हा हिवाळाच हवा. पण हिवाळा म्हणजे कपाशीची वेचणी. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सासूबाई आणि पती दोघेही दिवस दिवस शेतात असतात, मजूर मिळत नाहीत, आणि घरात मुलांपाशी एकटी मी. ज्या महिन्यांत माझ्या शरीराला हे सोसेल त्याच महिन्यांत माझ्या घराला सोसत नाही. यावर आम्ही तिघे बसून पुष्कळ बोललो. शेवटी आईने शिरपूरहून यायचे, दोन महिने राहायचे, आणि दुसरी वेचणी उरकल्यावर, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तारीख मागायची, असे ठरते आहे. अजून पक्के नाही. मानसोपचारतज्ज्ञांची भेट आणि एंडोस्कोपी व्हायची आहे.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले होते. अंगणातल्या निंबाला झोका बांधला होता, बहिणी, वहिन्या, भाच्या एकेक करून बसत होत्या, गाणी चालली होती. थोरली माझा हात धरून म्हणाली, "आई, आता तू." मी म्हटले, नंतर बसते. ती फांदीकडे पाहत होती, मग माझ्याकडे पाहिले, आणि तिने पुन्हा विचारले नाही. सहा वर्षांच्या मुलीला न विचारणे कळू लागले आहे, हे मला साखरेच्या कोणत्याही आकड्यापेक्षा जास्त लागले.

धाकट्याला मात्र आतापासून सवय करायला घेतली आहे. सुताराकडून पलंगाशी ठेवायला दोन पायऱ्यांचा एक ठेंगणा लाकडी स्टूल करून घेतला. पहिले चार दिवस तो त्याच्यासमोर उभा राहून हात वर करून रडला आणि मी हात मांडीवर घट्ट धरून बसून राहिले. आईसाठी ही वेळ किती लांब असते ते मी लिहू शकत नाही. काल रात्री त्याने आधी एक गुडघा टेकवला, मग दुसरा, चादर मुठीत धरली, स्वतःला वर ओढले आणि धापा टाकत माझ्या मांडीवर येऊन बसला.