केम्प्लीचे प्रेषित: ओल्या गिलाव्यावरचं काम पुढे सरकलं

इंग्लंडमधल्या केम्प्लीच्या जुन्या चर्चमधली भित्तिचित्रं मी स्वतः करून बघतेय, आणि तिथल्या उत्तर भिंतीवरच्या प्रेषितांपैकी (येशूच्या बारा मुख्य शिष्यांपैकी) दोघे चुन्यावर उतरले. मागच्या नोंदीत नुसती कागदावरची रेखाटनं होती. आता मातीच्या जाड टाइलवर चुना-वाळूचे थर देऊन, वरचा थर ओला असतानाच रंगवलेले तुकडे वाळून तयार आहेत. ज्यांना भित्तिचित्रांचं वेड आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय, कारण हातात चुना घेतल्यावरच या चर्चची अर्धी गोष्ट मला उमगली.

नवीन मंडळींसाठी थोडी ओळख. केम्प्ली हे इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यातलं एक लहानसं खेडं. तिथलं सेंट मेरी चर्च 12व्या शतकाच्या पूर्वार्धातलं. काळाच्या ओघात वस्ती दूर सरकली, 1903 मध्ये गावासाठी दुसरं चर्च उभं राहिलं आणि जुनं शेतांमध्ये एकटं पडलं. बाहेरून पाहिलं तर साधी बसकी इमारत. आत पूर्वेला चॅन्सल, म्हणजे वेदी असते तो छोटा भाग. त्याचं छत पिंपाच्या आतल्या बाजूसारखं गोलाईचं, आणि त्या छतापासून भिंतींपर्यंत सगळीकडे चित्रं.

छताच्या मधोमध येशू ख्रिस्त इंद्रधनुष्यावर बसला आहे. भोवती सूर्य, चंद्र, तारे, चारही सुवार्तिकांची (येशूचं चरित्र लिहिणाऱ्यांची) चिन्हं, सहा पंखांचे सराफीम नावाचे देवदूत आणि सोन्याच्या सात समया. बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकातला दृष्टान्त जवळजवळ जसाच्या तसा. खालच्या दोन्ही भिंतींवर सहा-सहा प्रेषित समोरासमोर बसलेले, आणि सगळ्यांचे चेहरे वर, ख्रिस्ताकडे वळलेले. मला हीच रचना सगळ्यात मोठी वाटते. चित्रकाराने बारा माणसं रंगवली, पण खरं म्हणजे एक नजर रंगवली. आपण दारातून आत येतो, त्यांच्याकडे बघतो, आणि नकळत आपलीही मान वर जाते.

ती वळलेली मान कागदावर सोपी वाटत होती. चुन्यावर मात्र कळलं की ती तीन-चार रेषांत उभी आहे: जबड्याची एक लांब रेघ, मानेची एक, आणि डोळ्याचं बुबुळ वरच्या पापणीला टेकवलेलं. बुबुळ मध्यभागी घेतलं तर तोच माणूस समोर बघायला लागतो. दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी काढून ठेवल्या आहेत, फरक लगेच दिसतो. कपड्यांच्या चुण्याही अशाच. गुडघ्यावर ताणलेलं कापड दाखवायला एकात एक बसलेले लंबगोल, बस्स. छायाप्रकाश जवळपास नाहीच.

आता कृतीकडे. विरवून मुरवलेला चुना एक भाग, धुतलेली धारदार वाळू दोन भाग. खालचा थर खरबरीत ठेवला, वरचा बारीक वाळूचा आणि पातळ. वरच्या थरावर बोट टेकलं की ठसा उमटतो पण चुना बोटाला लागत नाही, ती वेळ आली की रंग सुरू. रंग नुसत्या पाण्यात कालवलेले: गेरू, पिवडी, कोळशाचा काळा, आणि पांढऱ्यासाठी चुनाच. डिंक नाही, सरस नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, त्याचं पुन्हा दगडासारखं कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि रंगाचे कण त्यातच अडकतात. ब्रश गिलाव्यावर ओढल्यासारखा अडखळू लागला की थांबायचं, पुढचा रंग धरत नाही. वाळल्यावर सगळं बरंच फिकं होतं, म्हणून गेरू डोळ्यांना पटेल त्यापेक्षा गडद घेतला होता. नेमका जमला.

चॅन्सलमधली चित्रं अशीच ओल्या चुन्यावरची आहेत. उलट, मुख्य दालनातली बहुतेक नंतरच्या काळातली आणि कोरड्या पृष्ठभागावर केलेली. तिथे जीवनचक्र, म्हणजे माणसाच्या आयुष्याच्या अवस्था वर्तुळांत दाखवणारं चित्र आहे, आत्मे तोलणारा देवदूत मिखाएल आहे, पण पुसट, तुटक. एका छपराखाली दोन पद्धती, आणि काळाने दोघींना किती वेगळं वागवलं ते समोरासमोर दिसतं. या चर्चवर माझा जीव जडला तो याचमुळे.

कारण दोघींवर संकट आलं ते एकच. धर्मसुधारणेच्या काळात, म्हणजे इंग्लंड कॅथलिक पंथापासून दूर होत असताना, 1547 मध्ये राजा सहाव्या एडवर्डच्या राजवटीत, चर्चमधल्या भिंतींवरच्या आणि काचांवरच्या प्रतिमा नष्ट करण्याचे आदेश निघाले. देशभर भिंतींना पांढरी फासली गेली. केम्प्लीची चित्रंही सफेदीखाली गेली आणि तिच्याच आड टिकली. 1872 मध्ये चॅन्सलमधली चित्रं पुन्हा उजेडात आली. मग त्यांना जपायचं म्हणून वरून लाखेचं व्हार्निश चढवलं गेलं. हेतू चांगला, पण लाख काळवंडते आणि भिंतीची ओल आत कोंडते. चुन्याच्या भिंतीला श्वास लागतो. शेवटी 1955 मध्ये ईव्ह बेकर या संवर्धक बाईंनी तो थर उतरवला. आज तिथे जो गेरू झळकतो त्याचं मोठं श्रेय त्यांचं.

हे वाचताना तुम्हालाही अजिंठा आठवला असेल. 1920 च्या सुमारास निजामाच्या सरकारने इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी या संवर्धकांना बोलावलं, आणि तिथेही चित्रांवर लाख चढली, तीही पुढे पिवळी पडली. फरक असा की अजिंठ्याचा गिलावा मातीचा, भुसा-तुसांचा, वर चुन्याचा पातळ हात, आणि चित्र कोरड्यावर चिकटद्रव्य घालून केलेलं. तिथे वरचा थर काढताना खालचा रंग सांभाळणं फारच नाजूक काम. केम्प्लीत रंग भिंतीचाच भाग झालेला असल्यामुळे बेकरबाईंना निदान तेवढा आधार होता.

पूर्वेकडच्या खिडक्यांजवळ दोन साधी माणसं रंगवलेली आहेत, प्रेषित नव्हेत. ती वॉल्टर डि लेसी हा नॉर्मन सरदार आणि त्याचा मुलगा ह्यू असावीत असं बरेच अभ्यासक मानतात. हा वॉल्टर 1085 मध्ये हेरफर्डला चर्चचं बांधकाम बघताना परांचीवरून पडून मेला. ओळख खरी असेल, तर चर्चपायी जीव गेलेला माणूस दुसऱ्या चर्चच्या भिंतीवर स्वर्गाच्या वाटेवर उभा आहे. यांच्यावर पुढे स्वतंत्र नोंद करेन, चेहरे अजून नीट अभ्यासायचेत.

पुढचं काम जीवनचक्राचं. ते मुद्दाम वाळलेल्या गिलाव्यावर, रंगात चिकटद्रव्य घालून करणार आहे, आणि शेजारी तोच तुकडा ओल्यावर. दोन्ही वाळले, मुरले की वर सफेदी फासून महिनाभर ठेवेन आणि मग सुरीने अलगद सोलून बघेन, कुठला रंग किती राहतो ते. कोकण-गोव्याच्या देवळांमधलं कावीकाम (चुन्यावर लाल कावेचा थर देऊन कोरलेली नक्षी) जवळून पाहिलेलं, किंवा स्वतः चुन्यावर काव चढवून कोरलेलं कोणी असेल, तर वरचा थर घोटण्याबद्दल जरूर लिहा. माझा थर अजून हवा तितका गुळगुळीत होत नाहीये, आणि जीवनचक्राची वर्तुळं त्या पृष्ठभागावर कंपासने ओढायची आहेत.