कसारा घाटात तापणारे ड्रम आणि ४१-१० चा क्राउन

गिरणाऱ्याहून वाशीला टोमॅटो नेणारी एक जुनी डिझेल पिकअप नाशिकच्या अंबडमध्ये आमच्या गॅरेजला आली ती ब्रेकच्या तक्रारीवर. भरलेल्या कॅरेटनिशी इगतपुरी सोडून कसारा घाट उतरायला लागली की निम्म्या उतारातच पेडल खाली जायचं आणि मागच्या चाकांतून जळका वास यायचा. लायनर, ड्रम, व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर सगळं आधीच्या गॅरेजांत बदलून झालं होतं. मालकाची दुसरी तक्रार ॲव्हरेजची. भावाच्या तशाच गाडीला लिटरमागे बारा पडतात, हिला दहाच. त्यापायी पंप आणि नोझलही उतरवून झाले होते.

मागचे ड्रम उघडले. लायनर चकाकलेले, ड्रमवर निळसर डाग. पण ॲडजस्टमेंट बरोबर होती, सिलिंडर कोरडे होते, स्प्रिंगा जागच्या जागी होत्या. आधी झालेलं काम वाईट नव्हतं. ब्रेक धड होते, त्यांच्यावर वाजवीपेक्षा जास्त भार पडत होता. आपल्याकडे तक्रार ज्या भागाची तोच भाग बदलत राहायची जी सवय आहे, तिने या माणसाचा बराच पैसा खाल्ला, याचा मला अजून राग आहे.

विल्होळीपर्यंत गाडी रिकामी चालवली आणि शेजारी बसलेल्या पोराला फोनवरचा जीपीएस वेग बघायला सांगितलं. काटा ३० वर तर फोनवर ३६, ४० वर ४८, ५० वर साठाच्या जवळपास. केबल किंवा मीटर खराब असेल तर काटा थरथरतो, अडकतो, फरक कमीजास्त होत राहतो. इथे फरक सगळीकडे सारखा, साधारण १९ टक्के. असा ठरावीक फरक दातांच्या किंवा टायरच्या हिशेबातूनच येतो. या गाडीच्या मीटरची केबल गिअरबॉक्सच्या शेपटातून निघते, म्हणजे मीटर चाक मोजत नाही, प्रोपेलर (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणारा फिरता दांडा) मोजतं. टायरचा साइज कंपनीने दिलेलाच होता. मग उरतो मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगमधला रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेरीला प्रोपेलरच्या किती फेऱ्या.

हाउसिंगच्या झाकणाच्या एका बोल्टखाली पत्र्याची पट्टी होती, तिच्यावर ३९-८. क्राउनचे, म्हणजे चाकांकडच्या मोठ्या चक्राचे, ३९ दात, पिनियनचे, म्हणजे प्रोपेलरकडच्या लहान चक्राचे, ८, भागाकार ४.८८. मालकाकडच्या जुन्या पुस्तकातही हाच आकडा. आधी कुणी रेशोची शंका घेतली असेल, तर या पट्टीपाशीच थांबला असणार. पण झाकण दहा बोल्टांवर असतं. ते एका हाउसिंगवरून काढून दुसऱ्याला लावायला अर्धा तासही लागत नाही, आणि पट्टी झाकणाबरोबर जाते.

न उघडता रेशो मोजायची रीत सोपी आहे, तरी बहुतेक जण ती चुकीची करतात. गाडी सपाट काँक्रीटवर घ्यायची, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (गाडी सरकू नये म्हणून ठोकळे) लावायचे, गिअर न्यूट्रल. हँडब्रेक मागच्या चाकांवर असेल तर तो सोडावा लागतो, म्हणून ओट पक्के हवेत. मग मागचं एकच चाक उचलायचं आणि ॲक्सलच्या नळीखाली घोडी द्यायची. नुसत्या जॅकवर कुणी खाली जायचं नाही. दोन्ही चाकं उचलली की एक फिरवताना दुसरं उलटं फिरतं, प्रोपेलर नुसता उभा राहतो किंवा अर्धवट सरकतो, आणि मोजणाऱ्याला मनात येईल तो आकडा मिळतो. एक चाक जमिनीवर धरलेलं असलं की डिफरन्शियलच्या (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या जुळणीच्या) स्टार गिअरमुळे मोकळ्या चाकाच्या दोन फेऱ्यांत क्राउनची एक फेरी होते. (लिमिटेड स्लिप, म्हणजे दोन चाकांना फार वेगळं फिरू न देणारं डिफरन्शियल असेल तर ही रीत चालत नाही. तिथे दोन्ही चाकं उचलून सोबत फिरवायची आणि एका फेरीला एकच धरायची.)

टायरवर आणि मडगार्डवर खडूची खूण, प्रोपेलरच्या फ्लँजवर एक, आणि तिच्यासमोर हाउसिंगला तार वाकवून बांधलेला काटा. खुणा करण्याआधी चाक पुढे फिरवून दातांमधला आणि प्रोपेलरच्या सांध्यातल्या क्रॉसमधला सगळा प्ले (ढिलाई) काढून घ्यायचा, आणि नंतर चाक मागे येऊ द्यायचं नाही. चाकाच्या दोनच फेऱ्या मोजून थांबलं तर ४.१ की ४.३ हे नजरेला ठरवता येत नाही. म्हणून २० फेऱ्या घ्यायच्या, म्हणजे क्राउनच्या १०. वर चाक फिरवायला एक माणूस, खाली मोठ्याने मोजायला दुसरा.

पट्टी खरी असती तर प्रोपेलरच्या ४८ फेऱ्या होऊन वर पाऊण फेरी यायला हवी होती. आल्या ४१, आणि खूण तारेच्या बरोबर समोर. खूण नेमकी समोर येणं महत्त्वाचं, कारण ४१-१० आणि ३७-९ या दोन्ही जोड्यांना दुकानात ४.१ च म्हणतात. ३७-९ असती तर खूण तारेच्या सुमारे ४० अंश पुढे गेली असती. एका जोडीचा क्राउन दुसरीच्या पिनियनवर चालत नाही.

तेल काढून झाकण उघडलं. क्राउनच्या कडेवर १०-४१ ठोकलेलं, खाली जोडीचा नंबर, आणि बॅटरी मारून पाहिलं तर पिनियनच्या तोंडावरही तोच नंबर. म्हणजे जोडी एकत्रच बनलेली, कुणी सुटे दात जमवलेले नव्हते. आधीच्या मालकाच्या काळात कधीतरी अख्खं हाउसिंग भंगारातून आलं आणि जुन्याचं झाकण चांगलं म्हणून त्यावर चढवलं गेलं, असाच माझा अंदाज आहे. ज्याने हे केलं त्याने ती पट्टी तेवढी काढून टाकली असती तरी पुढचा खर्च वाचला असता.

आता हिशेब लावून बघा. ४.८८ च्या जागी ४.१० म्हणजे त्याच वेगाला, त्याच गिअरमध्ये इंजिन १६ टक्के कमी फिरतं. उतारावर इंजिन गाडीला जे रोखून धरतं, ते चाकापर्यंत निदान तेवढंच कमी पोचतं. त्यात काटा खोटा. ड्रायव्हर चाळीसने उतरतोय असं समजत होता आणि गाडी अठ्ठेचाळीसने जात होती. इंजिनचा रोध घटला, वेग वाढला, आणि दोन्हींचं ओझं मागच्या ड्रमवर आलं. नाशिकचा माल मुंबईला भरून उतरतो आणि चढताना रिकामी कॅरेटं येतात, त्यामुळे गाडी ओढत नाही ही तक्रार कधी आलीच नाही. उलट मार्गाने माल जात असता तर पहिल्याच चढाला क्लचने सांगितलं असतं.

ॲव्हरेजचंही तेच. किलोमीटरही त्याच केबलवर, म्हणजे १०० चालली की ८४ दिसायचे. दहा दिसत होतं ते खरं ११.९ होतं. पंपाला हात लावायची गरजच नव्हती.

३९-८ ची नवी जोडी बसवली. रेशो बदलला की कित्येक हाउसिंगांत क्राउनची बैठक बदलते, म्हणून मागवण्याआधी क्राउन ज्यावर बसतो तो पिंजरा तोच चालतो का हे विचारून घ्यावं. पिनियनची खोली शिमने (पातळ चकत्यांनी), बेअरिंगचा ताण इंच-पाउंड रेंचने, आणि दातांचा प्ले डायल गेजवर ०.१३ ते ०.२३ मिलिमीटरच्या आत. क्राउनवर तीन-चार जागी मार्किंगचा रंग लावून फिरवलं आणि ठसा दाताच्या मध्यावर आला तेव्हाच झाकण लावलं. या कामाला दिवस जातो, आणि ते अंदाजाने करणाऱ्यांची हाउसिंगं महिन्याभरात रडायला लागतात. झाकणाखाली पट्टी परत लावली, ती आता खरी आहे.

काटा आणि फोन आता जुळतात. मालक मात्र पूर्ण खूश नाही. महामार्गावर टॉप गिअरमध्ये साठच्या वेगाला अठराशे-साडेअठराशेवर फिरणारं इंजिन आता बावीसशेवर असतं, आणि तो आवाज त्याला खटकतो. रिकामं परतताना ४.१० बरा होता हे त्याचं म्हणणं खोटंही नाही. मी त्याला भरलेल्या गाडीने घाट तिसऱ्यातच उतरायला सांगितलंय. नव्या लायनरची जाडी चारही जागी मोजून जॉब कार्डवर लिहून ठेवलीय, आणि टोमॅटोचा हंगाम संपला की ड्रम उघडायला गाडी परत येणार आहे.