लक्ष्मीच्या साडीवरचे काळे ठिपके

गेल्या उन्हाळ्यात आमच्या छापखान्यात एका संग्रहालयाच्या कॅटलॉगचं काम आलं. लक्ष्मीच्या जुन्या छापील चित्राचं प्रूफ काढलं, तर साडीभर काळे ठिपके. डिझायनर म्हणाला, बुरशीचे डाग असतील, साफ करून टाकतो. मी म्हटलं, थांब. मूळ चित्र पाहिल्याशिवाय फाइलला हात लावायचा नाही.

नागपूरचा मे महिना, बाहेर अंगाची लाही होत होती. संग्रहालयाच्या साठवणीच्या खोलीत मात्र गारवा आणि अंधूक उजेड. कागदावरच्या चित्रांना 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर उजेड देत नाहीत, त्यामुळे आधी काही दिसेचना. संग्रहालयाच्या मॅडम म्हणाल्या, "हात नका लावू भाऊ, पण भिंगातून निवांत पाहा नं."

ते डाग नव्हतेच. धातूच्या टिकल्या होत्या, सुईदोऱ्याने कागदावर शिवलेल्या! स्कॅनरच्या उजेडात त्या काळ्या दिसल्या होत्या. देवादिकांची चित्रं अशी जरी-टिकल्यांनी सजवायची हौस पूर्वी घरोघरी होती.

खाली बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव होतं : रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा. राजा रविवर्मांनी 1894 मध्ये मुंबईत सुरू केलेला हा प्रेस पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. मी भिंग चेहऱ्यावर नेलं आणि तिथेच अडकलो. आमच्या ऑफसेटचे, म्हणजे आजच्या यंत्रछपाईचे, ठिपके ठरलेल्या कोनात, ओळीने बसतात. इथे ओळच नाही. गालावर गुलाबी ठिपके दाट, हनुवटीकडे विरळ होत गेलेले, डोळ्याखाली निळसर झाक. प्रत्येक ठिपका कुणा कारागिराने चुनखडीच्या शिळेवर तेलकट शाईने हाताने दिलेला. जितके रंग तितक्या शिळा, आणि एकच कागद पाळीपाळीने सगळ्यांवरून जाणार. तरी ओठांचा लाल रंग कडेबाहेर केसभरही गेला नव्हता. रजिस्टर जुळवण्यात, म्हणजे एका रंगावर दुसरा रंग नेमका बसवण्यात, माझी हयात गेली, म्हणून सांगतो, त्या हातांना मी मनोमन नमस्कार केला.

स्कॅनऐवजी आम्ही चित्राचा फोटो काढवून घेतला, दिवा बाजूने तिरपा ठेवून. टिकल्या चमकल्या. गालावरची ती हाताची कारागिरी मात्र आमच्या छपाईत उतरत नाही, तिच्यावर आमच्याच ठिपक्यांची जाळी बसते. छपाईच्या प्लेटा बनवणाऱ्या आमच्या विभागातल्या नव्या पोरांनी ते मूळ चित्रच पाहायला हवं होतं. मॅडमची परवानगी घेतली आणि पुढच्या सोमवारी भिंगं देऊन त्यांना तिकडे पाठवलं.